भीती मुंबईला पाठवायची नाही

गंगा कुठेही हात घालण्याआधी टाळी वाजवते. लाकडं काढायची असली की टाळी, माळ्यावरचा पेंढा ओढायचा असला की टाळी, विहिरीच्या पायऱ्या उतरताना टाळी, सकाळी देवासाठी जास्वंदी तोडतानाही टाळी. एक नाही, दोन. दोहोंच्या मध्ये जरा थांबायचं, दाराशी आलेला पाहुणा कडी वाजवून थांबतो तेवढं. मग हात घालायचा. वाडीतली माणसं हसतात. शेजारचा भिवा तर सकाळी तिची टाळी कानावर पडली की अंथरुणातूनच बायकोला ओरडतो, "वहिनींचं भजन उभं राहिलं गो, चाय ठेव!"

एकदा आरोग्य केंद्राची बाई घरोघर फिरत आली होती. तिनं गंगाला समजावलं की सापाला आपल्यासारखे कान नसतात, टाळी त्याला ऐकू जात नाही.

"त्याला नसतील," गंगा म्हणाली. "मला हायत ना. टाळी वाजली की मी तरी बघते, हात कुठं घालत्येय."

घर हातखंब्याहून आत, उताराला आहे. मागे कातळाचा सडा, पुढे पऱ्या, त्याला पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात गोटे. एका अंगाला जांभ्याचा गडगा, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. गंगाच्या आजेसासऱ्यांनी तो स्वतःच्या हातांनी रचला असं सांगतात. दगडांत जेवढ्या फटी तेवढी बिऱ्हाडं. त्यातलं सगळ्यात मोठं बिऱ्हाड धामणीचं. पिवळट, माणसाच्या उंचीहून लांब, ऊन वर आलं की ती गडग्यावरून निघते, गोठ्याच्या वाशावरून माळ्यावर जाते आणि पेंढ्यात शिरते. उंदीर तिथं असतात, म्हणून ती तिथं. एवढं साधं आहे ते. गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, अशी धामणीची ख्याती वाडीत आहे, पण गंगाची कपिला तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि दूधही जेवढं द्यायचं तेवढंच देते.

बाकीची मंडळी लहान. विहिरीत दिवड, बेडकांवर जगणारी, जरा चिडखोर. पावसाळ्यात तुळशीजवळ नानेटी, अंगावर पट्टे, इतकी गरीब की कोंबडीसुद्धा तिला टोचून जाते. भिंतीच्या भेगेत एक कवड्या, रात्री पाली धरायला निघतो. त्याला बघून निम्मी वाडी मण्यार मण्यार करून ओरडेल. गंगा तसं ओरडत नाही, पण अंगावर पांढरे आडवे पट्टे दिसले की ती जवळही जात नाही. कवड्या की मण्यार हे ठरवायची घाई आपल्याला कशाला, म्हणते. आणि जास्वंदीत हरणटोळ. हिरवा, काडीसारखा, फुलाकडे हात गेला की मान डोलावतो. तो उडी मारून टाळू फोडतो म्हणतात. गंगाची टाळू अजून शाबूत आहे. ती पलीकडच्या फांदीवरचं फूल तोडते. सड्यावरचं फुरसं मात्र वेगळं, विषारी. त्याला ती लांबून हात जोडते आणि वाट बदलते. सगळे सारखे नसतात, माणसांतही नसतात.

हे सगळं तिनं जन्मतः शिकलेलं नव्हतं. तिचं माहेर संगमेश्वराजवळच्या एका पेठेतलं, घर रस्त्याला लागून. लग्न होऊन इथं आली तेव्हा घरात सासू सावित्री आणि ती, दोघीच. नवरा रावजी लहानपणीच मुंबईला गेलेला, तिथं बिस्किटाच्या कारखान्यात भट्टीवर होता. लग्नाला सुट्टी काढून आला, पूजा झाली, गोंधळ झाला, आणि गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गंगा गोठ्यात शेण भरायला गेली, आणि वाशावरून धामण तिच्या पुढ्यात उतरली. गंगानं अशी किंकाळी फोडली की पऱ्यापलीकडचे लोक धावत आले. ताप भरला तिला. दोन दिवस ती गोठ्याकडे फिरकली नाही.

भिवा तेव्हा तरणाबांड, त्याच आठवड्यात मुंबईला निघाला होता. त्यानं तिकडे जाऊन रावजीला निरोप दिला. भिवाच्या तोंडून निरोप निघाला की तो जाता जाता वाढत जातो. इथून निघाला तेव्हा 'वहिनी जनावराला घाबरल्या' एवढा होता. भट्टीपाशी पोचेपर्यंत 'वहिनींना जनावर लागलं' झाला. रावजीनं अंगातला कारखान्याचा डगला काढून तसाच टाकला आणि मिळेल ती गाडी धरली. घरी येऊन बघतो तर बायको अंगणात बसून कुळीद पाखडतेय. तिकडे त्याला कायम करणार होते. न सांगता गेला म्हणून नाव कापलं. पुन्हा बदलीवर उभं राहून कायम व्हायला त्याला दोन वर्षं लागली.

तो परत गेला त्या दिवशी सावित्रीनं सुनेला चुलीपाशी बसवलं. सावित्री जास्त बोलणारी बाई नव्हती.

"हे बघ गो," ती म्हणाली, "मुंबईला पाठवायचं तर कुळीद पाठव, पोहे पाठव, आमसुलं पाठव. भीती पाठवायची नाय. ती तिकडे कोणाच्या कामाची नाय, आणि पाठवून इकडे कमी होत नाय."

गंगानं मान हलवली. देवापुढे घेतलेल्या नेमासारखा तो नेम तिनं पाळला. ताप, पूर, गाईचं आडलेलं बाळंतपण, मुलाचं पडणं-झडणं, सगळं निस्तरून झालं की मग 'सगळी खुशाल' असा निरोप. जनावरांचं तर नावच नाही. तसंही दिवा लागल्यावर कोणी 'साप' म्हणत नाही, 'लांबडं' म्हणतात. आणि नवऱ्याचं नाव तर बाई दिवसाही घेत नाही. तेव्हा घरात दोन नावं अशी होती की जी गंगाच्या तोंडून कधी निघाली नाहीत.

रावजी वर्षातून दोनदा यायचा, मे महिन्यात आणि गणपतीला. तो यायच्या आठवडाभर आधी गंगा कामाला लागायची. लाकडांची रास परसातून लांब फणसाखाली नेऊन रचायची. माळ्यावरचा पेंढा हलवून ऊन दाखवायची. भिंतीच्या भेगा शेणामातीनं लिंपायची. न्हाणीत धुरी द्यायची. वर गणपतीत घर माणसांनी भरलेलं, आरत्या, ढोलकी, पोरांची धावपळ. एवढ्या गलबल्यात धामण काय, उंदीरही गडग्याबाहेर येत नसे. रावजी दहा दिवस पडवीत झोपाळ्यावर बसायचा, चुऱ्या झालेल्या बिस्किटांचा डबा पोरांना वाटायचा, आणि जाताना समाधानानं म्हणायचा, "आपल्या घरात कधी लांबडं बघितलं नाय बाबा. राखणदार जागा हाय आपला." देवळात नारळ ठेवताना तो त्याबद्दल देवाचे आभारही मानायचा. गंगा मागे उभी राहून हात जोडायची. देवाला सगळं ठाऊक होतं, आणि तो काही बोलत नव्हता.

असा सगळा संसार झाला. सावित्री गेली. मुलगा दीपक मोठा होऊन मुंबईला लागला, दर्शनाशी त्याचं लग्न झालं, डोंबिवलीला एक खोली नि स्वयंपाकघर घेतलं. आणि गेल्या दिवाळीनंतर रावजी कारखान्यातून निवृत्त होऊन, दोन पत्र्याच्या ट्रंका, एक पंखा आणि भट्टीच्या उष्णतेनं तांबडे पडलेले हात घेऊन कायमचा घरी आला.

थंडीचे महिने बरे गेले. थंडीत जनावरं दडलेली असतात. रावजी सकाळी अंगणात उन्हाला बसायचा, भिवाशी कारखान्याच्या गोष्टी करायचा. गंगा मनातून धास्तावलेली होती. दहा दिवसांचं आवरणं वेगळं, बारा महिने कसं आवरायचं? लाकडं रोज फणसाखालून आणून तिचे गुडघे धरले. आपला नवरा आपल्या घरात राहायला आला, तो राहावा, एवढंच तिचं मागणं होतं. सकाळी दिवा लावताना ती तेवढंच मागायची. उभं आयुष्य माणूस लांबून बघितलेला. आता कुठे ताटं दोन लागायला लागली होती.

चैत्र लागला आणि ऊन तापलं. एके दिवशी रावजी न्हाणीतून टॉवेलावर बाहेर आला. "गांडूळ हाय गो आत, पण पळतंय बघ कसं!"

"वाळा असंल," गंगा बोलून गेली आणि जीभ चावली. वाळा हाही सापच, गांडुळाएवढा.

"वाळा म्हणजे?"

"म्हणजे... गांडुळाच्याच जातीतला."

तेवढ्यावर निभावलं. पुढच्या आठवड्यात निभावलं नाही. रावजी दुपारचा चहा घेत झोपाळ्यावर बसला होता. वर माळ्यावर पेंढ्यात खसफस झाली, काहीतरी चिरकलं, आणि धामण तोंडात उंदीर धरून वाशावरून सुटली ती थेट झोपाळ्यापुढे पडली. कप एकीकडे, बशी दुसरीकडे, रावजी झोपाळ्यावर उभा. झोपाळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. एका कडीला धरून तो पुढे-मागे जात होता आणि ओरडत होता, "काठी! काठी आण! भिवा! अरे कोणी हाय काय?"

गंगा चुलीपुढून उठून आली. पडवीत काय आहे ते तिनं बघितलं आणि सवयीनं, काही मनात नसताना, शेजारणीशी बोलावं तसं बोलली, "आज दुपारचीच गो? सावकाश जा, कोणी धरत नाय तुला."

धामणीनं उंदीर सोडला नाही. ती पायरीवरून उतरली, अंगण ओलांडलं आणि गडग्यात शिरली. शेपूट बराच वेळ दिसत होतं.

झोपाळा थांबला. रावजी खाली उतरला नाही.

"तू तिला ओळखतेस," तो म्हणाला.

गंगानं फुटलेली बशी उचलायला घेतली.

"मी विचारतोय. ओळखतेस तू तिला?"

"घरातलीच हाय."

"कधीपासनं?"

"ही की हिची आई, तेवढं नाय सांगता येत. पण लग्न होऊन आले तेव्हापासनं कोणीतरी असतंच."

रावजीनं सगळं पुन्हा विचारून घेतलं. न्हाणीतला तो काय होता? विहिरीत? जास्वंदीत? गंगानं सांगितलं. विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, हाही तिचा नेमच होता. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं एवढंच. ऐकता ऐकता रावजीची भीती मागे पडली आणि दुसरंच काहीतरी पुढे आलं.

"म्हणजे माझ्या घरात कोण कोण राहतं ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक. भिवाला पण?"

कुंपणापाशी येऊन उभा राहिलेला भिवा म्हणाला, "मला ठाऊक म्हणजे काय रे, माझ्याकडे पण येते ती. एकादशीला तुमच्याकडे, द्वादशीला आमच्याकडे."

"तू गप बस मेल्या! तुझ्यामुळं नाव कापलेलं माझं."

"ते जुनं झालं आता!"

"मला नाय झालं." रावजी बायकोकडे वळला. "तू मला फसवलंस गो. मी राखणदाराला नारळ ठेवत होतो, आणि तू मागं उभी राहून बघत होतीस."

"फसवलं नाय. आईंनी सांगितलेलं. मुंबईला चांगलं तेवढंच पाठवायचं."

संध्याकाळी त्यानं दीपकला फोन लावला. दीपक म्हणाला, "या की बाबा, तुमचंच घर आहे." मागून दर्शनाचा आवाज आला, बाबांना स्वयंपाकघरात झोपायला चालेल का म्हणून. रावजी म्हणाला चालेल, इतकी वर्षं गाळ्यात नऊजण झोपत होतो.

त्यानं तोडही सांगितली होती. गडगा काढून सिमेंटची भिंत घालायची, माळा मोकळा करायचा, परसात फरशी. गंगा म्हणाली, "काढा. तुमच्या आजाचा गडगा, तुम्ही काढा. पण गडग्यातनं निघून ती कुठं जाईल म्हणता? दुसरीकडे जागा नाय. घरातच येईल कायमची." रावजीला ते पटलं आणि तो जास्तच चिडला.

शेवटी तो म्हणाला, "देवाचा कौल घेतो. देव सांगेल तसं."

हे गंगाला बरं वाटलं. देवाच्या हाती दिलं की आपल्या हातून सुटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नारळ, तांदूळ आणि जास्वंदी घेऊन त्याच्या मागोमाग देवळात गेली. भिवाही आला. तो आला नसता तरच नवल. सदू गुरवानं देवाला पाणी घातलं, पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या फुलांचे कळे लावले.

"बोल रावजी, काय विचारायचं? गाऱ्हाणं घालतो."

रावजीनं भिवाकडे बघितलं. बायकोच्या ओळखीच्या धामणीपायी घर सोडून जातोय, हे चारचौघांत कसं सांगायचं?

"मनात धरतो," तो म्हणाला.

"धर. चालतं तसं."

सदूनं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझं लेकरू आज तुझ्या पायाशी आलंय, त्याच्या मनात काय ते तू जाणतोस, होय तर उजवा दे, नाय तर डावा दे." बाकीचे म्हणाले, "होय म्हाराजा." गंगानं डोळे मिटले. ती उघडेपर्यंत उजवा कळा पडला होता. असा पटकन की सदूलाही कौतुक वाटलं.

"झालं काम तुझं! होय म्हणाला देव."

रावजी तसाच उभा. कपाळाला आठ्या.

"काय रे? होय म्हणाला ना?"

"होय म्हणाला. पण कशाला होय?"

"मनात काय धरलंस तू?"

"राहू की जाऊ," रावजी म्हणाला.

भिवा खांबाला टेकून हसायला लागला. सदूनं कपाळावर हात मारला.

"अरे चाकरमान्या, देवाला एका वेळेला एकच विचारायचं असतं! राहू काय, म्हणून विचार, नायतर जाऊ काय, म्हणून विचार. दोन जिनसा एका पुड्यात भरल्यास आणि वर विचारतोस आत काय? कारखान्यात असंच करत होतास?"

"परत लावा मग."

"त्याच गोष्टीला त्याच दिवशी परत नाय. देव काय तुझा सुपरवायझर हाय? आता पुढल्या सोमवारी ये."

"पुढल्या सोमवारी मी मुंबईला असणार."

"मग तेच उत्तर असंल बघ!" भिवा म्हणाला.

"किंवा उलटं," सदू म्हणाला, आणि नारळ फोडायला बसला.

परतताना गंगाच्या मनात आलं की देवानं सांगायचं ते सांगितलं आहे, ऐकणाऱ्यालाच प्रश्न नीट घालता आला नाही. जन्मभर गावाबाहेर राहिलेल्याला कौल तरी कसा लावता येणार? गावात लहानसं पोरसुद्धा ही चूक करायचं नाही. तिला त्याचं हसू आलं नाही. त्यानं ते खरंच विचारलं होतं, राहू की जाऊ. नुसतं जायचंच असतं तर तो देवळात कशाला आला असता, मुंबईची गाडी काही देवळावरून जात नाही.

गुरुवारी दुपारी रिक्षा आणायला भिवाला सांगितलं होतं, हातखंब्यापर्यंत. तिथून बस. गंगानं सकाळपासून पिशवी भरायला घेतली. पिशवी भरणं हे तिचं पाठ झालेलं काम. तळाला पोहे, त्यावर कुळीद, मग आमसुलांची पुरचुंडी, दर्शनासाठी तांदळाची पिठी, वर पेंढ्यात गुंडाळलेले हापूसचे पहिले आंबे. पेंढा माळ्यावरचाच. टाळी वाजवून काढलेला.

रावजी कपडे घालून खाटेवर बसला होता, पाय वर घेऊन. आता तो जमिनीवर पाय ठेवायच्या आधी वाकून खाली बघत असे.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. तोंड बांधते आता."

"आणि ते दुसरं कुठं ठेवलंस?"

"दुसरं कुठलं?"

"जे कधी पाठवलं नाय ते."

गंगाच्या हातात सुतळी होती. तिनं ती पिशवीच्या तोंडाला गुंडाळली, गाठ मारली नाही.

"ते कशाला आता?" ती म्हणाली. "शिळं झालं."

"असू दे. मला बघू दे."

ती जमिनीवर बसली. प्रथम काय सांगावं कळेना. मग म्हणाली, "ही टाळी वाजवते ना मी. तुम्हांला काय वाटलं, धीट हाय म्हणून वाजवते? भीतीच ती. लग्न होऊन आले ना, दोन वर्षं मी रोज घाबरत होते. शेणात हात घालायला, लाकडात हात घालायला. आईंनी टाळी शिकवली. म्हणाल्या, भीती गेली नाय तर निदान तिला काहीतरी कामाला लाव."

रावजी ऐकत होता. गंगाला एकदा सुरुवात झाल्यावर थांबावंसं वाटेना. दीपक तीन वर्षांचा असताना पऱ्याला पूर होता आणि पोराला ताप. त्याला डोक्यावर घेऊन ती पाण्यातून पलीकडे गेली. येताना बघते तर विहिरीतली दिवड पाण्याबरोबर वाहून येऊन घराच्याच पायरीवर बसलेली, दमून. दोघी सारख्याच दमलेल्या. तिनं दिवडीला उठवलं नाही, वळसा घालून घरात गेली. सासूचं शेवटचं दुखणं. भिंतीवर कवड्या चढताना दिसला की सावित्री म्हणायची, बघ, मला न्यायला आला. गंगा म्हणायची, तुम्हांला नाय, पालीला. सावित्री त्या दुखण्यातही हसायची. आणि ज्या वर्षी वाडीत चोऱ्या झाल्या, त्या वर्षी सासूही नव्हती, पोरगा रत्नागिरीला शिकायला. गंगा एकटी घरात.

"दिवसभर माळ्यावर खसफस व्हायची. वर चोर दडून बसलाय काय? मग मी टाळी वाजवली की खसफस थांबायची, आणि जराशानं परत सुरू. माणूस असता तर गप बसला असता, नायतर पळाला असता. मग कळायचं, चोर नाय, तीच हाय. वर कोणीतरी हाय घरात, आपल्या कामाला लागलेलं. तेवढ्यावर मी जेवायला बसायची."

ती थांबली. "सगळं असंच हाय. मोठं काय नाय त्यात."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. भिवा अंगणातून ओरडला, "रावजी, आली रे गाडी! बस सुटंल, सदूच्या देवानं मग मला विचारायला नको!"

रावजीनं खाली बघितलं, पाय जमिनीवर ठेवले.

"त्या चोऱ्या झाल्या त्या वर्षी," तो म्हणाला, "मी गणपतीला आलो होतो?"

"आलेलात की. डबा आणलेला बिस्किटांचा. नारळाच्या चवीची होती."

"आणि मी म्हटलं असंल राखणदार जागा हाय म्हणून."

"म्हटलेलंत."

पुन्हा हॉर्न वाजला. रावजी उठून बाहेर गेला. गंगा पिशवीला गाठ मारायची की नाही, याचा विचार करत तिथंच बसली. बाहेर काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. रिक्षा वळल्याचा आवाज आला, आणि भिवाचा, "मग माझी खेप फुकट का रे केलीस?" रावजी परत आला तो पायरीपाशी थांबला. धामण गडग्यावर ऊन खात पडली होती, अंगण सोडून, तिच्या जागेवर. त्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग बाजूच्या दारानं, जरा लांबून, घरात आला.

"सोमवारी जातो परत देवळात," तो म्हणाला. "नीट विचारतो."

सोमवार आला तेव्हा त्याच्या ते लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलं असेल, पण तो गेला नाही. गंगानं आठवण केली नाही.

पिशवी खाटेखाली तशीच होती. आंबे पिकायला लागले तेव्हा ते काढले. मग एके दिवशी पिठलं करायचं होतं आणि कुळीद संपलेले, म्हणून त्यातले घेतले. पोहे, आमसुलं, पिठी, अशी ती हळूहळू रिकामी झाली. आषाढात गंगानं ती धुवून, घडी घालून दोरीवर टाकली.

रावजीची भीती काही गेलेली नाही. झोपाळ्यावर तो अजून पाय वर घेऊन बसतो. लाकडं पुन्हा परसात आली, गंगाचे गुडघे थोडे सुधारले. नागपंचमीला तिनं पाटावर चंदनानं नाग काढला, लाह्या आणि दूध ठेवलं, त्या दिवशी घरात काही चिरलं नाही, तळलं नाही. रावजीनं हात जोडले आणि विचारलं, "हा कुठला? आपल्यातला?"

"हा देवातला," ती म्हणाली. "आपल्यातले बाहेर हायत."

टाळी मात्र त्याला जमत नाही. एकतर तो फार जोरात वाजवतो, नाहीतर हात घालून झाल्यावर वाजवतो. म्हणून न्हाणीत जाताना तो दाराशी उभा राहतो, खांद्यावर टॉवेल घेऊन, आणि घरात कोण आहे ते जिला माहीत आहे तिला विचारतो,

"आत कोण हाय काय गो?"

गंगा चुलीपुढून उठत नाही. "असंल तर जाईल," म्हणते. "जरा थांबा तुम्ही."

आणि तो थांबतो.